जमिनीच्या पोटातील उष्णता

वर्धा शहराला लागून नालवाडी नावाचे गाव आहे. मे महिन्यात तेथे कडक ऊन पडते. दुपारी अंगणात अनवाणी चालवत नाही. पण विहिरीतून बादलीभर पाणी काढले, तर ते गार लागते. हिवाळ्यात पहाटे तेच पाणी कोमट वाटते. असे का होते? बाहेरची हवा बदलते. जमिनीखाली काही मीटरवर मात्र तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच राहते.

आणखी खोल गेले, तर उष्णता वाढू लागते. साधारणपणे दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. या उष्णतेला भूऔष्णिक ऊर्जा म्हणतात. शब्द अवघड दिसतो, पण अर्थ सोपा आहे. भू म्हणजे जमीन आणि उष्ण म्हणजे गरम.

काही ठिकाणी पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि पुन्हा वर येते. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीजवळ आणि नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर येथे असे झरे आहेत. लोक तेथे स्नान करतात. मग त्या पाण्यावर वीज का तयार करत नाहीत? टर्बाइन फिरवण्यासाठी जोरदार वाफ लागते आणि हे पाणी तेवढे गरम नसते. इटलीत लार्देरेल्लो येथे जमिनीतून वाफच निघते. तिच्या बळावर १९०४ साली पाच दिवे लावले गेले.

कमी गरम पाण्यासाठी दुसरी युक्ती आहे. वर्धा नदीचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळते. त्या गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातील मणुगुरू येथे, कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरमधून गरम पाणी आले. शोधत होते कोळसा आणि सापडली कोळसा न जाळता मिळणारी उष्णता! सिंगरेणी कोळसा कंपनीने तेथे २० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र उभारले. पाण्याची उष्णता दुसऱ्या एका द्रवाला देतात. तो कमी तापमानालाच उकळतो व त्याच्या वाफेने टर्बाइन फिरते. ही वीज फार नाही. तिच्यावर शेतातील पाच अश्वशक्तीचे चार पंप चालतील.

सूर्य मावळला, वारा पडला, तरी ही ऊर्जा मिळते. म्हणून ती कधीच कमी पडत नाही, असे मात्र नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ‘गीझर्स’ नावाचे मोठे भूऔष्णिक क्षेत्र आहे. तेथे भराभर वाफ काढली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब घटला आणि वीज कमी झाली. खडक अजून गरमच होते. कमी पडले होते पाणी. १९९७ पासून जवळच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी आणून त्या खडकांत सोडू लागले. तेव्हा कुठे ती घसरण मंदावली.