मोटारहोममधील दुर्गंधी येते कोठून? कारणे, दुरुस्ती आणि मैल्याची विल्हेवाट

बराकपूर (पश्चिम बंगाल) : कोलकात्यातील श्यामबाजारहून उत्तरेकडे निघालेला बराकपूर ट्रंक रोड जुन्या लष्करी छावणीच्या या शहरात येऊन पोहोचतो. हुगळी नदी येथून हाकेच्या अंतरावर आहे. नदीकाठची सावली पाहून मुक्कामाची गाडी येथेच उभी करावी, असे प्रवाशाला सहज वाटावे. मात्र स्वयंपाकघर, बिछाना आणि शौचालय सोबत घेऊन फिरणाऱ्या मोटारहोमपुढे अशा प्रत्येक मुक्कामी दोन प्रश्न उभे राहतात. आतली दुर्गंधी कशी घालवावी आणि भरलेली मैल्याची टाकी कोठे रिकामी करावी? बराकपूरमध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष जपून द्यावे लागते, कारण जवळच्याच पलता येथे याच नदीचे पाणी उचलून, शुद्ध करून कोलकाता शहराला पुरवले जाते.

भारतात मोटारहोम अद्याप मोठ्या संख्येने दिसत नसली, तरी त्यांना धोरणाचे पाठबळ मिळू लागले आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण जाहीर केले. गाडी भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाला इंजिन आणि इंधनाची माहिती असते. शौचालयाची यंत्रणा मात्र बहुधा पहिली दुर्गंधी सुटल्यावरच लक्षात येते.

टाकीत काय घडते?

मोटारहोममध्ये सामान्यतः दोन प्रकारची शौचालये आढळतात. पहिल्या प्रकारात भांड्याखाली काढता येणारी, सुमारे १५ ते २० लिटरची लहान टाकी असते. दुसऱ्या प्रकारात गाडीच्या तळाशी मोठी टाकी कायमची बसवलेली असते आणि ती जाड नळीवाटे रिकामी केली जाते. मोरी आणि बेसिनचे सांडपाणी बहुतेक गाड्यांमध्ये वेगळ्या टाकीत साठते.

बंद टाकीत ऑक्सिजन कमी पडला की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करू लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. उष्णता वाढली की ही प्रक्रिया वेग घेते. त्यामुळे बंगालच्या किंवा कोकणच्या उन्हाळ्यात दोन दिवस साचलेली टाकी थंड प्रदेशातील टाकीपेक्षा अधिक त्रास देते.

हे वायू राहण्याच्या जागेत येऊ नयेत यासाठी दोन तजविजी केलेल्या असतात. पहिली म्हणजे भांड्याच्या तळाशी असलेली झडप, तिचे रबरी सील आणि त्यावर साचलेले थोडे पाणी. दुसरी म्हणजे टाकीतील वायू छतावरून बाहेर सोडणारा व्हेंट पाईप. गाडीत वास आला, याचा अर्थ या दोहोंपैकी एक निकामी झाली आहे. सुगंधी फवारा त्या बिघाडावर केवळ पडदा टाकतो.

वास केव्हा येतो, यावरून निदान

वास सतत येत असेल, तर पहिला संशय रबरी सीलवर घ्यावा. त्याची चाचणी सोपी आहे. भांड्यात थोडे पाणी भरून तासभर थांबावे. पाणी खाली उतरले, तर सील गळते आहे. अनेकदा सीलच्या खाचेत अडकलेला कागद किंवा साचलेला क्षार हेच गळतीचे कारण असते. तो भाग सौम्य साबणाने स्वच्छ करावा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. खाद्यतेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये; त्यामुळे रबर फुगते आणि लवकर खराब होते. सील कडक झाले असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर ते बदलणे हाच उपाय होय.

केवळ फ्लश करताना वास येत असेल, तर छतावरील पंखा तपासावा. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, तेव्हा गाडीतील हवेचा दाब घटतो. त्याच क्षणी झडप उघडली की टाकीतील वायू वर ओढला जातो. म्हणून फ्लश करण्यापूर्वी पंखा बंद करावा आणि झडप मिटल्यावर पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही वास राहिल्यास छतावरील व्हेंट पाईपचे तोंड पाहावे. पाला, कोळ्याचे जाळे किंवा पक्ष्याच्या घरट्याने ते बुजलेले असू शकते.

गाडी धावत असतानाच वास येत असेल, तर उघड्या खिडक्या हे कारण असू शकते. वाऱ्याच्या वेगामुळे आत दाब कमी होतो आणि जेथे फट असेल तेथून वायू आत शिरतो. खिडक्या बंद केल्यावर वास थांबला, तरी ती फट शोधणे बाकी राहतेच.

गाडी बरेच दिवस उभी राहिल्यानंतर वास येत असेल, तर तो बहुधा शौचालयाचा नसतोच. बेसिन आणि मोरीखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहणे अपेक्षित असते. ते सुकले किंवा प्रवासातील हिसक्यांनी सांडले की सांडपाण्याच्या टाकीतील वास वर येतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतल्यावर वास थांबला, तर निदान पक्के समजावे.

भांड्याच्या बुडाशी फरशी ओलसर लागत असेल, तर मात्र विलंब करू नये. भांडे आणि टाकी यांच्या जोडावरील वॉशर गेलेला असतो. ओल लाकडी तळात मुरल्यास दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. हे काम माहीतगार कारागिराकडूनच करून घ्यावे.

पाण्याची कंजुषी महागात पडते

टाकी लवकर भरू नये म्हणून अनेक प्रवासी फ्लशला कमी पाणी वापरतात. परिणामी घन मैला भांड्याखालीच साचून त्याचा ढीग होतो, टाकी तुंबते आणि पातळी दाखवणारी यंत्रणाही चुकीचे आकडे दाखवू लागते. रिकाम्या टाकीत सुरुवातीलाच काही लिटर पाणी घालावे. निचऱ्याची झडप बंद ठेवावी आणि टाकी साधारण दोन तृतीयांश भरल्यावरच उघडावी, म्हणजे पाण्याच्या जोराने घन मैलाही वाहून जातो.

घरगुती शौचालयासाठी वापरली जाणारी आम्लयुक्त द्रावणे येथे टाळावीत. ती रबरी भागांना हानी पोहोचवतात आणि मैला पचवणारे जिवाणू मारतात. आम्ल आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो. जिवाणू किंवा विकरांवर आधारित द्रावणे तुलनेने सुरक्षित होत.

रेल्वेचा धडा

धावत्या वाहनातील शौचालयाचा देशातील सर्वांत मोठा अनुभव भारतीय रेल्वेच्या गाठीशी आहे. मैला थेट रुळांवर पडण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मधील अहवालात ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली; मैल्यामुळे रूळ गंजतात, हे त्यामागील एक कारण होते. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर आधारित जैव-शौचालये त्यानंतर टप्प्याटप्प्याने डब्यांना बसवली गेली. त्यांची संख्या आता अडीच लाखांहून अधिक आहे.

तरीही दुर्गंधीचा प्रश्न आपोआप सुटला नाही. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा याविषयीचा अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात ३२ कोचिंग डेपोंमधील सुमारे २५ हजार जैव-शौचालयांबाबत २०१६-१७ या वर्षातील १,९९,६८९ तक्रारींची नोंद होती. त्यांपैकी १,०२,७९२, म्हणजे निम्म्याहून अधिक, तुंबण्याच्या होत्या. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापड यांसारख्या वस्तू जिवाणूंना पचवता येत नाहीत. तंत्रज्ञान कितीही चांगले असले, तरी भांड्यात काय टाकले जाते आणि निगा कोण राखतो, यावरच त्याचे यश ठरते. मोटारहोमलाही हाच नियम लागू होतो.

टाकी रिकामी कोठे करावी?

पलता हे नदीच्या वरच्या अंगाला आहे, म्हणून बराकपूरच्या घाटावर सोडलेली घाण तेथवर जाणार नाही, असे कोणी मानू शकेल. परंतु हुगळीला भरती-ओहोटी असते. भरतीच्या वेळी प्रवाह उलट फिरून वर सरकतो. घाटावर रिती केलेली एक टाकी लहान वाटली, तरी ती शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या वाटेत पडते. जलप्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, १९७४ नुसार नदी-नाल्यात प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई आहे. रस्त्याकडेचे गटार हाही पर्याय नव्हे.

मुक्काम ठरवतानाच मैला स्वीकारण्याची सोय आहे का, हे हॉटेल, कॅराव्हॅन पार्क किंवा पेट्रोल पंपाच्या व्यवस्थापकाला विचारून घ्यावे. काढता येणारी टाकी परवानगी घेऊन सेप्टिक टँक किंवा मलनिस्सारण वाहिनीला जोडलेल्या शौचालयात रिकामी करता येते. मोठ्या टाकीसाठी नगरपालिकेच्या किंवा परवानाधारक मैला उपसा गाडीची मदत घ्यावी.

हे काम करताना हातमोजे वापरावेत, गॅसची शेगडी बंद ठेवावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणातही जाणवतो. प्रमाण वाढले की मात्र घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. पैसे देऊन एखाद्याला टाकीत हात घालायला किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगणे तर सर्वस्वी गैर आहे. संरक्षक साधनांविना गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

प्रवासाला निघण्यापूर्वी सील, व्हेंट पाईप आणि नळ्यांतील पाणी तपासायला फार वेळ लागत नाही. एक जादा रबरी सील, सिलिकॉन ग्रीसची नळी आणि हातमोजे सोबत असावेत. टाकी पुढे कोठे रिती होणार, हे मात्र गाडी सुरू करण्यापूर्वीच ठरलेले असावे.