खेकडा आणि ३२ सेंटीमीटरचं वळण

लेगोच्या आगगाडीचे नेहमीचे वाकडे रूळ एकापुढे एक जोडत गेलं, की सोळाव्या रुळाला वर्तुळ पुरं होतं. केंद्रापासून दोन रुळांच्या मध्यापर्यंत मोजलं तर त्रिज्या भरते ३२ सेंटीमीटर. चौघांच्या जेवणाच्या टेबलावर हे वर्तुळ आरामात मावतं. मी ते पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला फक्त एक गोल दिसला होता. त्या गोलात घाटातल्या रेल्वेचा सगळा प्रश्न दडलेला आहे, हे कळायला बराच वेळ गेला.

समजा, या रुळांवर आपली एक्स्प्रेस चालवायची आहे. खोक्यात मिळते ती नव्हे, तर स्टेशनात पाहिलेली, आपण स्वतः ठोकळ्यांतून रचलेली. मग पहिला प्रश्न असा, की कुठल्या मापाने रचायची? त्याचं उत्तर रुळांत आहे. लेगोच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये ३७.५ मिलिमीटर अंतर असतं. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. भागाकार करा, ४४.७ येतात. म्हणजे खऱ्या गाडीचा साधारण पंचेचाळिसावा हिस्सा. युरोपातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी हेच रूळ धरले, तर मॉडेल अडतिसाव्या हिश्श्याचं होतं. रूळ तेच, पण देश बदलला की गाडीचं माप बदलतं.

आता मिलिमीटरची बटणं करायची. ठोकळ्यावरच्या दोन गोल बटणांच्या मध्यांमध्ये बरोबर ८ मिलिमीटर असतात. आजकालचा एलएचबी डबा सुमारे २३.५ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असतो. ४४.७ ने भागलं, की त्याची लांबी ६६ बटणं होते आणि रुंदी ९. मुंबईची लोकल त्याहून रुंद, ३.६६ मीटर, म्हणून तिला १० बटणं लागतात. हे आकडे कागदावर मांडताना मला फार आनंद होतो. जिच्यात आपण रोज उभं राहून जातो ती गाडी अशी बटणांत मोजता येते!

पण तो ६६ बटणांचा डबा आपल्या टेबलावरच्या वर्तुळावर ठेवा. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. रेल्वेच्या कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखाली फिरणारी चार चाकांची चौकट. एलएचबीच्या अशा दोन बोग्यांच्या मध्यांमध्ये १४.९ मीटर अंतर असतं; मॉडेलमध्ये ते होतं सुमारे ३३३ मिलिमीटर. बोग्या रुळांबरोबर वळतात, डबा सरळच राहतो. त्यामुळे डब्याचं पोट वर्तुळाच्या आत सरकतं आणि दोन्ही टोकं बाहेर झेपावतात. किती? पायथागोरसाला विचारलं तर पोट ४७ मिलिमीटर आत, टोकं ५९ मिलिमीटर बाहेर. दोन रुळांमधलं अंतर ३७.५! म्हणजे वळणावर डब्याचा मध्य रुळांवर उरतच नाही. खऱ्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. ती जशीच्या तशी लहान केली, तर पुरं वर्तुळ मांडायला आठ मीटर रुंदीची खोली लागेल. आपल्या टेबलावरचं वळण खऱ्या जगात नेलं तर त्याची त्रिज्या चौदा-सव्वाचौदा मीटर भरेल. आपली एक्स्प्रेस तिथे वळूच शकणार नाही.

म्हणून ठोकळ्यांची गाडी रचणारा माणूस सगळ्यात आधी वळणाशी भांडतो. कुणी डब्याची लांबी कमी करतो. कुणी छोट्या उत्पादकांकडून ५६, ७२, ८८ किंवा १०४ बटणं त्रिज्येचे मोठे रूळ आणतो. आणि कुणाला इंजिनाला मधेच मोडायचं सुचतं. हा तिसरा उपाय शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या अभियंत्यांना सुचला होता, आणि तिथून तो आपल्या बोरघाटात आला.

आल्प्समधल्या गोटहार्डचा डोंगरी मार्ग विजेवर चालवायचा ठरला, तेव्हा स्विस रेल्वेने १९१९ ते १९२२ या काळात ३३ विलक्षण इंजिनं बांधून घेतली. मधे चालकाची खोली, पुढे-मागे लांब निमुळती नाकं, आणि तिन्ही भाग सांध्यांनी जोडलेले. लोकांनी त्यांना नाव दिलं मगर. त्या काळच्या ताकदवान मोटरी अवजड होत्या, प्रत्येक आसावर एकेक बसवण्याजोग्या नव्हत्या. म्हणून त्या नाकात, चाकांच्या वर बसवल्या आणि त्यांची ताकद लोखंडी दांड्यांनी चाकांपर्यंत पोचवली. वळण आलं की आधी पुढचं नाक वळतं, मग मधला भाग, मग मागचं नाक. मगर जशी अंग वळवते तसंच.

गोटहार्डचा चढ हजार मीटरला सुमारे २७ मीटर. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे हजाराला २७ मीटर! कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडी ज्या चढाशी झुंजते, त्याच तोडीचा चढ आल्प्समध्ये होता. म्हणून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुण्याचा मार्ग विजेवर न्यायचं ठरवलं तेव्हा मालगाड्यांसाठी याच घडणीची इंजिनं मागवली. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरटुरच्या कारखान्यात झाली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. एकूण ४१. पुढे त्यांचा वर्ग डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखला गेला. पण कागदावरचं नाव माणसांच्या तोंडी बसत नाही. आल्प्समधल्या मगरीला इकडे खेकडा म्हणू लागले. मला हे नाव मगरीपेक्षाही नेमकं वाटतं. बाजूच्या दांड्या खालीवर होत चाकं फिरवू लागल्या, की इंजिन पायांवर चालल्यासारखं दिसतं.

लेगो कंपनीने २०२० मध्ये स्विस मगरीचा संच काढला, १,२७१ तुकड्यांचा, मोटर बसवण्याची सोय असलेला. खेकड्याचा संच मात्र लेगोने काढलेला नाही. तो हवा असेल तर स्वतःच रचावा लागतो. आणि रचायला बसलं की या ठोकळ्यांची खरी नवलाई उलगडते.

सुरुवात चाकांच्या दांड्यांपासून करू. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या एकाच वेळी सरळ रेषेत आल्या, तर त्या क्षणी दांडीला चाक फिरवता येत नाही. ते पुढे फिरावं की मागे, हे ठरवणारं काही उरत नाही. म्हणून खऱ्या इंजिनात एका बाजूची दांडी दुसऱ्या बाजूच्या पाव फेरा पुढे ठेवतात. एक बाजू अडली की दुसरी ओढून नेते. कारखान्यात हा काटकोन साधणं मोठ्या कौशल्याचं काम असतं. लेगोचा आस मात्र अधिकच्या चिन्हासारखा, चार पाखांचा असतो. चाक त्यावर चारच प्रकारे बसू शकतं, आणि त्या चार जागा एकमेकींपासून बरोबर काटकोनात असतात. डावं चाक बसवा, उजवं एक पाख फिरवून बसवा, झालं. ज्या अचूकतेसाठी कारखान्यात खास यंत्रं लागतात, ती इथे आसाच्या आकारातच आहे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी तो आस हातात धरून बराच वेळ पाहत राहिलो होतो.

गिअरचंही असंच. लेगोच्या साध्या गिअरला जितके दाते, तितके मिलिमीटर त्याचा व्यास, म्हणजे दाते जिथे एकमेकांत गुंततात तिथला व्यास. ८ दात्यांचा आणि २४ दात्यांचा गिअर शेजारी ठेवला, तर दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर ३२ चं निम्मं, १६ मिलिमीटर. म्हणजे बरोबर दोन बटणं! १२ आणि २० घ्या, तरी तेच. १६ आणि १६ घ्या, तरी तेच. ८ आणि ४० घेतले तर तीन बटणं. भोकं तीच ठेवून वेग आणि ताकद यांचा हवा तो मेळ घालता येतो.

खेकड्याच्या नाकात मध्यम आकाराची मोटर चपखल बसते, कारण ती तीनच बटणं रुंद असते. ओझं नसताना ती मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. १२ दात्यांच्या गिअरने २० दात्यांचा फिरवला की २४० फेरे उरतात. चाकाचा व्यास २८ मिलिमीटर धरला, तर गाडी सेकंदाला ३५ सेंटीमीटर धावते, आणि पंचेचाळीसपट केलं की तो वेग ताशी सुमारे ५७ किलोमीटर होतो. मालगाडीच्या इंजिनाला शोभेल असाच. शिवाय मोटरचं वजन थेट चाकांवर येतं. हे फार महत्त्वाचं, कारण प्लास्टिकच्या रुळांवर प्लास्टिकचं चाक घसरतं. ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावर जितकं वजन जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणूनच चाकांवर रबराच्या बारीक कड्या चढवतात आणि सहा सेलचा जड डबा मधल्या भागात असा ठेवतात, की त्याचा भार दोन्ही नाकांवर वाटला जाईल. ठोकळे हाताळता हाताळता आपण त्याच जागी येऊन पोचतो, जिथे विंटरटुरचे अभियंते पोचले होते. मोटर नाकात असावी, कारण ती जागा तिचीच आहे.

तरी वळण पिच्छा सोडत नाही. एका नाकाखाली तीन आस. त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्यात ८० मिलिमीटर अंतर ठेवलं, तर ३२ सेंटीमीटरच्या वळणावर मधलं चाक रुळाच्या रेषेपासून अडीच मिलिमीटर सरकतं. चाकाच्या आतल्या बाजूची कड रुळात अडकते आणि गाडी घसरते. यावर उपाय असा, की मधल्या चाकाला कडच ठेवायची नाही. ते रुळावर नुसतं टेकतं, हवं तेवढं आडवं सरकतं. वाफेच्या कितीतरी खऱ्या इंजिनांत मधली चाकं अशीच बिनकडेची असत. २००९ मध्ये लेगोने काढलेल्या एमराल्ड नाइट या इंजिनातही मधली जोडी बिनकडेची आहे.

राहिलं वरचं अंग. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, चपट्या पट्टीची तिच्या एक तृतीयांश, ३.२. अशा पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे आडव्या दोन बटणांएवढे. या एका समीकरणामुळे ठोकळे आडवे वळवून, बटणं बाजूला करूनही रचता येतात आणि तरी सगळं जुळतं. खेकड्याच्या नाकाचा उतार आणि बाजूच्या जाळ्या अशाच आडव्या ठोकळ्यांतून होतात.

आणि हे सगळं एकत्र कशाने राहतं? ठोकळा उलटा करा. आत पोकळ नळ्या दिसतील. १९५८ मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीचे गोटफ्रेड कर्क ख्रिस्तियानसन यांनी याच नळ्यांच्या रचनेचं पेटंट मागितलं. चार बटणांच्या मधोमध नळी बसते आणि चौघांना एकाच वेळी स्पर्श करते. तिचा बाहेरचा व्यास किती असावा? समोरासमोरच्या दोन बटणांच्या मध्यांमधलं तिरपं अंतर ८ गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ११.३१. त्यातून बटणाचा व्यास ४.८ वजा केला की ६.५१ मिलिमीटर. मुलांच्या खेळण्याच्या पोटात २ चं वर्गमूळ बसलेलं आहे! त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर तसाच घट्ट बसतो. १९६६ मध्ये लेगोची पहिली मोटरवाली आगगाडी आली, साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. मग १२ व्होल्टची आली, १९९१ मध्ये धातू मढवलेल्या रुळांतून वीज घेणारी ९ व्होल्टची आली, आणि आता गाडी फोनवरून ब्लूटूथने चालवता येते. मोटरी बदलत गेल्या. आठ मिलिमीटर तेवढे बदलले नाहीत.

बोरघाटात आता खेकडे नाहीत. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक मुंबईत, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये. मुलांना घेऊन तिथे जा. जाताना मोजपट्टी, वही आणि पेन्सिल न्या. नाकाचा आणि मधल्या खोलीचा सांधा कुठे येतो ते पाहा, चाकांमधली अंतरं उतरवून घ्या, दांड्या एका बाजूला कुठे आहेत आणि दुसऱ्या बाजूला कुठे, तेही बघा. घरी आल्यावर प्रत्येक मीटरला २.८ बटणं धरा आणि रचायला बसा.