बारशाआधी गेलेलं बाळ कोण मोजणार?

उन्हाळ्यात कुरडया घालायला आम्ही सगळ्याजणी मोठ्या आत्यांकडे जमलो होतो. चुलीवर चीक शिजत होता, गप्पा रंगल्या होत्या. घरात नुकत्याच आलेल्या सूनबाईंनी सहज विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला मुलं किती?"

"चार," आत्या म्हणाल्या. मग सोऱ्या फिरवता फिरवता, कुणाकडेही न बघता पुढे म्हणाल्या, "म्हणजे झाली पाच. पण एक आठव्या दिवशीच गेलं. बारसंसुद्धा झालं नव्हतं. त्याला कशाला मोजायचं?"

कुणीच काही बोललं नाही. चीक खाली लागेल म्हणून कुणीतरी उठलं आणि विषय तिथंच संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. त्या बाळाला नाव मिळालं नाही, म्हणून त्याची नोंदही झाली नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत त्याचा जन्म नाही आणि मृत्यूही नाही. आईच्या पोटात नऊ महिने होतं ते, पण हिशेबात कुठंच नाही.

मैत्रिणींनो, आकडेवारी म्हटलं की आपण पान उलटतो. ते साहेबलोकांचं काम, असं आपल्याला वाटतं. पण घरखर्चाचं कसं असतं ते आठवून बघा. ज्या खर्चाची वहीत नोंद नाही, त्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला पैसे बाजूला काढले जात नाहीत. सरकारचंही तसंच आहे. जे बाळ मोजलं गेलं नाही, त्याला वाचवण्यासाठी पैसा मागणार कोण आणि देणार कोण?

गडचिरोलीच्या बायकांनी काय केलं?

मोजण्याने काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथली बहुतेक बाळंतपणं तेव्हा घरीच होत. बाळ आजारी पडलं तरी दवाखाना दूर, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही हा रिवाज. त्यामुळे बाळं घरातच दगावत आणि 'देवानं दिलं, देवानं नेलं' म्हणून गोष्ट संपे.

१९९३ ते १९९८ या काळात 'सर्च'ने एक प्रयोग केला. ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायची आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावं घ्यायची. जन्म-मृत्यूंची नोंद मात्र दोन्हीकडे सारखीच काटेकोर ठेवायची. काळजी घेणार कोण? तर गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायका. त्यांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. बाळ जन्मलं की त्यांनी घरी जायचं, वजन करायचं, अंग गार पडलंय का बघायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची, जंतुदोषाची लक्षणं दिसली तर औषध द्यायचं.

बाळाचे श्वास मोजायला त्यांनी एक साधं साधन बनवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. शंभरापर्यंत आकडे न येणारी बाईसुद्धा हे करू शकते!

या प्रयोगाचे आकडे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शेवटच्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हजार बाळांमागे जवळजवळ ६० बाळं महिन्याच्या आत दगावत होती. जिथं आरोग्यदूत जात होत्या, तिथं हा आकडा २५ वर आला होता. आणि खर्च? एका बाळामागे साधारण पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दोनशे-सव्वादोनशे रुपये. अठरा बाळांची काळजी घेतली की एक बाळ वाचत होतं.

हा शेवटचा हिशेब फार महत्त्वाचा. "बाळं वाचवा हो" असं नुसतं म्हणून सरकारची तिजोरी उघडत नाही. "इतक्या पैशांत इतकी बाळं वाचतात" असं दाखवावं लागतं. पुढे २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. आज तुमच्या गल्लीत आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा आणि घरी झालं असेल तर सात वेळा, त्यामागे गडचिरोलीच्या त्या वह्या आहेत.

आकडा लपला की पैसाही लपतो

पण मोजणं इतकं सोपं नसतं. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात दारोदार जाऊन बालमृत्यू नोंदवले होते. त्यावरून त्यांनी अंदाज मांडला, की महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख मुलं दगावतात. सरकारी दप्तरात त्यातली फार थोडी होती. मोठी खळबळ उडाली. मग सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यूंची समिती नेमली.

दप्तरातली मुलं कमी का होती? कारण खाली लिहिणारी व्यक्ती घाबरलेली असते. ज्या ताईच्या वहीत जास्त मृत्यू, जास्त कुपोषित मुलं, तिलाच बैठकीत उभं करून जाब विचारला, तर पुढच्या महिन्यात ती काय लिहील? आशाताईंना नवजात बाळाच्या भेटींसाठी २५० रुपये मिळतात. २०११ च्या मूळ नियमांत त्यासाठी एक अट अशीही होती, की ४२ व्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असावीत. हेतू चांगलाच होता. पण जिथं सगळ्या भेटी देऊनही बाळ गेलं, तिथं त्या बाईच्या पायपिटीचं काय? खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होत असेल, तर खरं कोण लिहील?

अंगणवाडीचंच बघा. आहाराचा पैसा मुलांच्या संख्येवर येतो. केंद्र सरकारने २०१७ साली ठरवलेला दर असा: साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईमागे साडेनऊ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. आहार वर्षातले ३०० दिवस. आता समजा एखादं लेकरू खरोखर तीव्र कुपोषित आहे, पण वरून ओरडा नको म्हणून वहीत 'साधारण' लिहिलं गेलं. दिवसाचे ४ रुपये गेले. वर्षाचे १२०० रुपये त्या लेकराच्या ताटातून गेले. शिवाय त्याची तपासणी गेली, दवाखान्यातली भरती गेली, ते वेगळंच.

वजन चुकायला नेहमी भीतीच लागते असंही नाही. काटा बिघडलेला असतो. उंची मोजायची पट्टी नसते. आजी म्हणते, "माझ्या नातवाला तराजूत घालू नका, दृष्ट लागेल." २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की फोन धड चालत नाहीत आणि माहिती भरायचं अ‍ॅप मराठीत नाही. ज्या बाईला आपण मोजायला सांगतो, तिच्या हातात मोजायचं साधन तरी नीट हवं ना?

दोनदा मोजायचं

मग खरं कळायचं कसं? यावरही उपाय आहे. दोन वेगळ्या माणसांनी, वेगवेगळं मोजायचं. देशातला बालमृत्युदर 'नमुना नोंदणी' नावाच्या पद्धतीने काढतात. निवडलेल्या भागात एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू लिहीत राहतो. दुसरा दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन स्वतंत्रपणे विचारतो. मग दोघांच्या याद्या जुळवतात. जे जुळत नाही, त्यासाठी पुन्हा त्या दारात जातात. लग्नाच्या आहेराची यादी दोन वह्यांत करतो ना आपण, तसंच.

या मोजणीनुसार महाराष्ट्रात २००५ साली हजार बाळांमागे ३६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली १६. निम्म्याहून खाली आलो आपण, आणि याचा आनंद मानलाच पाहिजे. पण त्या १६ मधली ११ बाळं पहिल्या २८ दिवसांतच गेलेली आहेत. म्हणजे आजही जाणाऱ्या बाळांत बहुतेक अगदी कोवळी, आत्यांच्या त्या बाळासारखी.

आणि एक आकडा मध्येच अडकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची उंची मोजतात. २००५-०६ मध्ये शंभरातल्या ४६ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०१५-१६ मध्ये ती ३४ वर आली. पण २०१९-२१ मध्ये पुन्हा ३५! आपण बाळं वाचवायला शिकलो, वाढवायला अजून शिकलो नाही. हे कळलं कशामुळे? मोजल्यामुळेच.

आणि आई?

बाईचं दुखणं तर मोजायची पद्धतच नव्हती. १९८९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायकांची तपासणी केली होती. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या शंभरात फक्त आठ. तोवर खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच होतं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे बायकांनी सोसलं, कुणी विचारलं नाही, म्हणून ते 'नव्हतंच'.

बाळंतपणात गेलेल्या आईचंही तसंच. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. हा बदल नुसत्या दवाखान्याच्या इमारतींनी झाला नाही. प्रत्येक मृत्यूमागे तीन उशीर शोधतात. घरच्यांनी ठरवायला उशीर केला का? गाडी मिळायला उशीर झाला का? दवाखान्यात उपचार सुरू व्हायला उशीर झाला का? ज्या गावात गाडीनेच घात केला, तिथं पैसा गाडीवर खर्च व्हायला हवा. पण बाई का गेली हे कुणी विचारलंच नाही, तर पैसा भलतीकडेच जाणार.

आपण काय करू शकतो?

फार काही अवघड नाही.

घरात, नात्यात, कामाला येणाऱ्या मावशींकडे बाळ जन्मलं, तर "मुलगा की मुलगी" याच्या आधी विचारा, "वजन किती?" अडीच किलोच्या आत असेल तर त्या बाळाला जास्त जपायला हवं. माता-बाल संरक्षण कार्डावर ते वजन लिहून घ्या.

बाळ जन्माला येऊन गेलं असेल, एक दिवसाचं का असेना, तरी त्याचा जन्म आणि मृत्यू दोन्ही २१ दिवसांच्या आत नोंदवा. दुःखाच्या घरात हे कसं बोलायचं, असं वाटतं. पण शेजारणीने हे काम अंगावर घ्यावं. तेवढंच त्या आईचं ओझं हलकं होईल.

अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी अर्धा तास जाऊन उभ्या राहा. ताईंना विचारा, काटा नीट आहे का? त्यांच्या वहीत कुपोषित मुलं दिसली तर त्यांना दोष देऊ नका. खरं लिहिलं म्हणून चार शब्द कौतुकाचे बोला.

ग्रामसभेला जात असाल तर दोन प्रश्न विचारा. गावाच्या आरोग्य, पोषण समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा निधी ठरलेला आहे, तो आला का आणि कशावर गेला? आणि ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्याचं काय झालं? तुमची भिशी चोख सांभाळता ना? मग हाही हिशेब जमेल.

त्या दिवशी कुरडया वाळत घालून आम्ही निघालो. मी आत्यांना म्हटलं, "आत्या, आता कुणी विचारलं ना, तर पाच सांगा."

आत्या काही वेळ गप्प राहिल्या. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मुलगी होती."