तालुक्याचा वार्ताहर

अकोल्याहून ब्रिजलाल बियाणींचे ‘मातृभूमि’ आणि अमरावतीहून डॉ. पंजाबराव देशमुखांचे ‘महाराष्ट्र केसरी’ निघे, तेव्हा पत्र कोणाचे आणि कोणत्या मताचे, याविषयी वऱ्हाडातील वाचकास तिळमात्र संदेह नसे. पुढे बियाणी मध्य प्रदेशाचे अर्थमंत्री आणि देशमुख केंद्रात कृषिमंत्री झाले, परंतु त्यांच्या पत्रांचा पक्षपात उघड्या निशाणाखालचा होता, आणि मला तो आजच्या निनावी दडपणापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

१९७५ च्या आणीबाणीत पूर्वतपासणीचा हुकूम लेखी तरी होता. दर्यापूर, अकोट किंवा मूर्तिजापूर येथून जिल्हा दैनिकास बातमी धाडणाऱ्या वार्ताहरावर असा हुकूम बजावण्याचे कारणच पडत नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याची छाया नेमणूकपत्र असलेल्यांवर पडे; या वार्ताहराला बहुधा वेतन नसते, मानधन नाममात्र असते, आणि खरी मिळकत दिवाळीच्या व पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांसाठी जमविलेल्या जाहिरातींवरील कमिशनाची असते. मग ज्या जिल्हा परिषद सदस्याकडे दिवाळीत जाहिरात मागावयाची, त्याच्याच मर्जीतल्या ठेकेदाराचा रस्ता मृगाच्या पहिल्या सरीत उखडला, तर ती बातमी लिहावयाची कशी? तो लिहितो, आणि जपून लिहितो: मंजूर रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, ग्रामस्थांची तक्रार, शाखा अभियंत्याचा खुलासा, सारे यथास्थित येते, ठेकेदाराचे नाव तेवढे येत नाही.

निवडणुकीत याच व्यवहाराला ‘पॅकेज’ म्हणतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत परस्परस्पर्धी मराठी दैनिकांत एकाच नेत्याची तीच स्तुती अक्षरशः छापली गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत अशा विकत बातम्यांसाठी तपासणी समित्या आल्या, पण त्यांचा डोळा निवडणुकीच्या मोसमापुरताच उघडा असतो.

दडपणाचे असे रूपांतर परदेशातही दिसते: पोलंडात १९८९ मध्ये साम्यवादी राजवट गेली, मागोमाग सरकारी तपासनीसही गेला; तथापि २०२१ मध्ये सरकारी वर्चस्वाच्या ओर्लेन या तेलकंपनीने तेथील वीस प्रादेशिक दैनिके ताब्यात घेतली आणि थोड्याच अवधीत अनेक संपादकांच्या खुर्च्या बदलल्या. तेथे पत्रच विकत घ्यावे लागले; आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराची मिंधेगिरी पुरेशी होते.

म्हणून जाहिरातीची वसुली आणि बातमीचे लेखन ही कामे एका माणसाच्या गळ्यात ठेवू नयेत, आणि लिहिणाऱ्यास दरमहा वेतन असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. हा खर्च अमरावती-अकोल्याच्या लहान पत्रांस जड जाईल, हे मी जाणतो. तरी पुरवणीची चार पाने कमी करून का होईना, तो त्यांनी अंगावर घ्यावा.