दोन तासांनी स्टँड टाका!

ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आजचा विषय ब्रेक. बाईकचा नाही, बाईकवाल्याचा.

मी दौंडचा, माझे दोन दोस्त शिरूरचे. तिघं मिळून नेपाळला गेलो होतो. सुनौली बॉर्डरवर भन्सार भरला, म्हणजे आपली गाडी तिकडे न्यायचा कस्टमचा परवाना, आणि बुटवलहून तानसेनमार्गे पोखऱ्याच्या घाटाला लागलो. दुपारचं जेवण दाबून झालेलं. "आता थेट पोखरा, मध्ये थांबायचं नाही," हे मीच म्हणालो होतो. एक वळण आठवतंय. त्यानंतर एकदम हँडल थरथरतंय आणि पुढचं चाक कडेच्या खडीत, पलीकडे दरी. मधलं काहीच आठवत नाही. मागून मित्र हॉर्न दाबून ओरडत होता, "अरे, झोपला काय तू?"

हो, झोपलोच होतो. याला मायक्रोस्लीप म्हणतात. मेंदू काही सेकंद झोपी जातो, कधीकधी डोळे उघडे असतानाच. आता गणित बघा. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. तीन सेकंद डुलकी लागली की 66 मीटर गेले, म्हणजे साधारण सहा एसट्या एकामागे एक लावल्या तेवढं अंतर, आणि गाडीवर कुणीच नाही!

कारपेक्षा बाईकवर माणूस लवकर थकतो. तोल सांभाळायचा, वारा छातीवर झेलायचा, इंजिनची थरथर मनगटात, हेल्मेटमध्ये सतत घोंगावणं. त्यात घाम वाऱ्याने लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालंय हे कळतच नाही. आणि दुपारी दोन ते चार शरीर तसंही सुस्तावतं, पोटात भात असो वा नसो.

म्हणून ब्रिटनचा हायवे कोड सांगतो, दर दोन तासांनी किमान 15 मिनिटं थांबा. युरोपात ट्रक ड्रायव्हरला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. आपल्याकडेही 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी लिहिलेली होती. बाईकवर फिरायला निघालेल्यांना मात्र कुणी विचारत नाही.

थांबायचं म्हणजे गाडीवरच बसून रील बघणं नव्हे हां. हेल्मेट काढा, चाला, पाणी प्या. चहाची एक गंमत आहे: कॅफिन चढायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणून आधी चहा प्यायचा आणि मग लगेच पंधरा मिनिटं आडवं व्हायचं. उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. तासभर झोपलात तर मात्र उठल्यावर डोकं जड होतं. आणि हे परदेशापुरतं नाही बरं का. उसाच्या सीझनमध्ये रात्री शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोर आली, तर तीन सेकंदांची डुलकी किती महागात जाईल?

कुठे थांबता हेही बघा. योगेश आळेकरी मुंबईहून बाईकवर निघून 17 देश ओलांडत इंग्लंडला पोचला. ऑगस्ट 2025 अखेर नॉटिंगहॅमच्या वॉलटन पार्कला तो नाश्त्यासाठी थांबला, तर चोरट्यांनी भरदिवसा कुलूप तोडून गाडी पळवली. सामानात पासपोर्टही होता. पुढे तिथल्याच एका डीलरने त्याला तसलीच बाईक दिली, पण सगळ्यांचं नशीब एवढं नसतं. पासपोर्ट, पैसे अंगावरच ठेवायचे आणि गाडी चहाच्या टेबलावरून दिसली पाहिजे.

आम्ही परतताना नियम केला: जो पहिली जांभई देईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. गोरखपूरपासून दौंडपर्यंत जवळजवळ सगळे चहा माझ्याच खिशातून गेले.