काळ्या कव्हरला लाल टाका : गाडीच्या स्टेअरिंगचं हातशिवणकाम



काळ्या साडीला लाल काठ किती उठून दिसतो, ते आपल्याला सांगायला नको. गाड्यांमध्येही आता तीच हौस आलीय. काळं स्टेअरिंग कव्हर आणि त्यावर लाल, पिवळा नाहीतर निळा टाका. जीपवाले, पिकअपवाले, ट्रॅक्टरवाले हौसेनं करून घेतात. हे काम मशीनवर होत नाही, हातानंच करावं लागतं. का? गादीत कापूस भरल्यावर तिचं तोंड हातानं शिवावं लागतं ना, तसंच. स्टेअरिंगचं कडं बंद असतं. आधी कव्हर त्यावर चढवायचं आणि मग जागेवरच शिवायचं. तिथे मशीन जाणार कुठून?

आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी आमच्या भाऊजींनी जुनी जीप घेतली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही एवढी बारीक गोधडी शिवता, मग कव्हर का नाही शिवणार?" मीही हौसेनं बसले. घरातला गोधडीचा सुती दोरा दुहेरी घेतला आणि संध्याकाळपर्यंत शिवून टाकलं. दिसायला छान झालं. आठ दिवसांनी घाटातल्या वळणावर कव्हर हातात फिरलं, पण चाक तिथंच राहिलं. भाऊजींनी कशीबशी गाडी सावरली. घरी येऊन तुटका दोरा माझ्यापुढे ठेवला, बोलले काहीच नाहीत. मी रात्रभर जागीच होते. नंतर तालुक्याच्या गावी सीट कव्हर शिवणाऱ्या काकांकडे जाऊन हे काम नीट शिकले. तेच इथं मांडते.

सामान काय लागतं

सुती दोरा घेऊ नका. उन्हानं आणि हाताच्या घामानं तो कुजतो. जाड, पीळदार पॉलिस्टर दोरा घ्या. नायलॉनचा दोराही मजबूत असतो, पण उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतो. दोऱ्याला मेण चोळा, म्हणजे तो सरकतो, गुंतत नाही आणि टाका धरून ठेवतो. रंग पक्का आहे का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. पांढरा दोरा सुरुवातीला खुलतो, पण महिन्याभरात मळतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

बोथट टोकाच्या दोन सुया, अंगुस्तान, कात्री आणि मापाची टेप एवढं पुरतं. सुई टोकदार असली की खालच्या स्टेअरिंगच्या रबरात घुसते.

काम कसं करायचं

पहिल्यांदा स्टेअरिंगचं माप घ्या. या काठापासून त्या काठापर्यंतची रुंदी आणि कड्याची जाडी, दोन्ही. कव्हर किंचित घट्टच हवं. सैल कव्हर कितीही चांगलं शिवलं तरी फिरणारच. ओल्या फडक्यानं स्टेअरिंगवरचं तेल आणि घाम पुसून पूर्ण वाळू द्या. कव्हर थोडा वेळ उन्हात ठेवलं की मऊ होतं आणि ताणायला सोपं जातं. गाडीची किल्ली मालकाच्या खिशात राहू द्या. सुई लावलेली असताना गाडी हलता कामा नये.

कव्हरचा जोड वरच्या मधोमध न ठेवता खाली ठेवा. कव्हर चढवून चार ठिकाणी कच्चे टाके घाला, म्हणजे ते सरकत नाही. मग एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवा. दोन्ही सुया समोरासमोरच्या पहिल्या छिद्रांतून आतून बाहेर काढा आणि दोरा दोन्हीकडे सारखा करा. आता डावीकडची सुई मधल्या फटीतून आत घालून उजव्या काठाच्या पुढच्या छिद्रातून वर काढा. उजवीकडची तशीच डाव्या काठातून. पहिल्यांदा डावी सुई नेली, तर शेवटपर्यंत आधी डावीच. वेणी घालताना पेड चुकला की लगेच कळतं, तसंच इथंही दिसतं. एक छिद्र सुटलं की कव्हर पिळवटतं, म्हणून दर दहा टाक्यांनी दोन्हीकडची छिद्रं मोजा.

काही कव्हरांच्या काठाला आधीच मशीनची शिवण मारलेली असते. तिथं सुई चामड्यातून घालायची नाही, त्या शिवणीच्या टाक्याखालून न्यायची. म्हणजे काठ फाटत नाही.

दोरा किती लागेल? आधी एक वीतभर शिवा, त्याला किती लागला ते मोजा आणि त्यावरून पुढचा कापा. स्टेअरिंगच्या दांड्यांमधला एकेक भाग वेगळा शिवला तर दोरा आटोक्यात राहतो.

चार टाके झाले की दोन्ही दोरे सारखे ओढा. एक टाका घट्ट, एक ढिला असं झालं तर रंगीत दोऱ्यात ते लांबूनही दिसतं. काळ्यावर काळा दोरा चूक झाकतो, लाल दोरा झाकत नाही. शेवटी गाठ कव्हरच्या आत दडवा. उरलेलं टोक पेटत्या उदबत्तीनं हलकेच वितळवा. गाडीत काडी पेटवू नका.

काम झालं की दोन्ही हातांनी कव्हर पिळून बघा. जरासुद्धा फिरलं तर उसवा आणि पुन्हा शिवा. हॉर्न वाजतो का, बटणं मोकळी आहेत का तेही बघा. ही तपासणी केल्याशिवाय गाडी देऊ नका.

जिथं सुई घालायचीच नाही

ही गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग बंधनकारक आहे. ती स्टेअरिंगच्या मधल्या झाकणाखाली असते. अपघात होताच क्षणात फुगून बाहेर येते. त्या झाकणावर काही शिवू नका, चिकटवू नका, झाकू नका आणि ते उघडूही नका. आपलं काम फक्त बाहेरच्या कड्यावर.

काही गाड्यांत सीटच्या कडेलाही एअरबॅग असते. तिथं 'एअरबॅग' असं इंग्रजीत लिहिलेली छोटी पट्टी दिसते. तिथली शिवण मुद्दाम अशी केलेली असते, की वेळ आली की ती फाटावी. आपण हौसेनं मजबूत दोरा घातला तर ती फाटणार नाही आणि माणसाचा जीव जाईल. सीट बेल्टलाही कधी टाका मारू नका. सुईच्या छिद्रांनी त्याची ताकद कमी होते.

गिऱ्हाईक म्हणेल, "ताई, एवढी नक्षी सीटच्या बाजूला काढा, जास्त पैसे देतो." तेव्हा नाही म्हणायचं. गिअरभोवतीची चामडी पिशवी निघत असेल तर ती करून द्या. तिच्यावर आधीची शिवण आहे, तिच्याच छिद्रांतून रंगीत दोरा ओवायचा, पण धरून ठेवणारी आतली शिवण उसवायची नाही. शिकायलाही हीच सोपी, मांडीवर घेऊन करता येते.

मजुरी कशी धरायची

अंदाजानं भाव सांगू नका. समजा, आपल्या भागात शिवणकामाचे तासाला ५० रुपये पडतात आणि कामाला साडेतीन तास लागले. झाले १७५. दोरा आणि मेणाचे २५, जाण्यायेण्याचे ४०. एकूण २४०. त्यावर दहा टक्के, म्हणजे २४ रुपये गटाचे. झाले २६४. हे आकडे फक्त रीत कळावी म्हणून दिलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. कव्हर गिऱ्हाइकानं आणायचं. आठ दिवसांनी एकदा बोलावून टाके तपासून द्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

पहिली दोन कव्हरं घरच्या किंवा ओळखीच्या ट्रॅक्टरवर शिवा. गटातल्या दुसऱ्या सखीकडून पिळून तपासून घ्या, मगच बाहेरचं काम धरा. भाऊजींची जीप मी पुन्हा शिवली, या वेळी नीट. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरू करण्याआधी कव्हर स्वतः पिळून पाहिलं. मला राग आला नाही. तसंच करायला हवं.