अंबरसिंग महाराज : भजनापासून सातबाऱ्यापर्यंत

शहाद्याच्या भिल्ल शेतमजुरांच्या चळवळीविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु या लेखनात चळवळीचा उभा आडवा ताणा ज्याने घातला त्या अंबरसिंग सुरतवंती यांच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो. 'सर्वोदयी वळणाचा, भजने म्हणणारा सुशिक्षित भिल्ल तरुण' एवढीच त्यांची ओळख करून दिली जाते आणि लेखक पुढे संघटनेकडे वळतो. जणू भजन ही चळवळीची बालवाडी होती, खरे शिक्षण नंतर सुरू झाले! ही मांडणी मला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगण्यासाठी प्रथम जमिनीकडे यावे लागेल.

आज नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा आहे. 1 जुलै 1998 पर्यंत तो धुळे जिल्ह्यात होता आणि त्याआधी सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. सातपुडा आणि तापी यांच्यामधली शहादा-तळोद्याची काळी जमीन सोन्यासारखी. या जमिनीवरचे भिल्ल कर्जापायी बेदखल होतील, ही भीती इंग्रज सरकारलाही होती. म्हणून 1901 नंतर नव्या शर्तीची जमीन आली. परवानगीवाचून ती विकता येणार नाही, असा नियम झाला. पण नियम कागदावर राहिला. सावकाराने जमीन विकत न घेता ती 'कसायला' घेतली. सातबाऱ्यावर नाव भिल्लाचे, नांगर सावकाराचा, आणि त्याच शेतात मजूर पुन्हा भिल्लच.

पुढे कुळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक होऊ लागला. कोकणातल्या, देशावरच्या कुळाला या कायद्याने माणसात आणले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शहाद्यात कूळ कोण होते? कर्जाच्या मोबदल्यात भिल्लाची जमीन कसायला घेतलेला बडा बागायतदार! कायद्याच्या डोळ्याला तो 'कूळ' दिसला आणि उपाशी भिल्ल 'जमीनदार' दिसला. अशा रीतीने गरिबासाठी केलेल्या कायद्याने गरिबाची जमीन श्रीमंताच्या नावावर चढवली. वर्गात भूमिसुधारणा शिकवताना मी हे उदाहरण देतो, तेव्हा पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे लागते.

जमीन गेल्यावर उरली सालदारकी. आखाजीला साल ठरायचे आणि त्या दिवसापासून वर्षभर माणूस मालकाच्या दावणीला. उचल आधीच खाल्लेली, म्हणून साल संपले तरी देणे संपत नाही. माझे वडील सालदार होते. घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे 'उचल' हा शब्द मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात शिकलेलो नाही. सालदाराला सुट्टी नसते, म्हणून सभा नसते. सभा नसते, म्हणून संघटना नसते. या साखळीत दारूची कडी बसवा, म्हणजे चित्र पुरे होते.

ही कडी पहिल्यांदा ओळखली ती तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी. 1937-38 च्या सुमारास या भिल्ल शेतकऱ्याने दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा, असा उपदेश सुरू केला. सोमवारच्या आरतीला डोंगरातून आणि सपाटीवरून हजारो भिल्ल जमू लागले. 1938 मध्ये ते वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालवले. आपल्यातले काही अभ्यासक याला वरच्या जातींचे अनुकरण म्हणून मोडीत काढतात. मला त्यात दुसरे काही दिसते. ज्याला गावात कोणी 'अरे'खेरीज हाक मारत नाही, तो माणूस आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला 'आप' म्हणतो, ही साधी गोष्ट नव्हे. दारू सोडणे म्हणजे उचल कमी करणे. आरतीला जमणे म्हणजे जमायला शिकणे. आणि हे तेच दशक आहे, जेव्हा 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एकाच प्रांतात एक माणूस कायद्याच्या भाषेत बोलत होता, दुसरा आरतीच्या. दोघांचा रोख मात्र दास्यावर होता.

अंबरसिंग या वारशातून आले. भजनी मंडळ हे त्यांचे पहिले व्यासपीठ. मजुराला रात्री जमता येईल, मालकाला हरकत घेता येणार नाही, आणि बायामाणसेही येतील, अशी गावात दुसरी जागाच नव्हती. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी भिल्ल आदिवासी सेवा मंडळाचे काम सुरू केले. मारहाण, स्त्रियांवरील अत्याचार, बुडवलेली मजुरी ही गाऱ्हाणी ते वेशीबाहेर नेऊ लागले.

2 मे 1971 रोजी शहादा तालुक्यात पाटीलवाडीचे प्रकरण घडले. उपाशी मजुरांनी धान्य घेतले, म्हणून जमीनमालकांचा जमाव बंदुका घेऊन चालून आला. गोळीबारात एक भिल्ल मजूर मेला. या घटनेने महाराष्ट्र हादरला आणि सर्वोदयाचे कार्यकर्ते, शहरातले तरुण शहाद्यात आले. ग्रामस्वराज्य समिती स्थापन झाली. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि गेलेल्या जमिनी परत मागण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी दुष्काळाच्या छायेत श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराला रजा, मजुरीत वाढ, दुष्काळी कामे या मागण्या पुढे आल्या. मालकांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली आपली फळी उभारली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. 1973 च्या सुमारास आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. शहरी अभ्यासकांना हे नवल वाटले. पण दारूविरुद्धचा शब्द या भागात पस्तीस वर्षे आधी उच्चारला गेला होता. फरक इतकाच की पूर्वी महाराज सांगत होते, आता बाई सांगत होती.

1974 मध्ये अंबरसिंग वारले. वय तरुण होते. त्याच वर्षी आदिवासींच्या जमिनींविषयी नवे कायदे आले. त्यांतील जमीन परत देण्याच्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी विचारात घेतल्या. आरंभीची तारीख पुन्हा वाचा. ती कृषक दिनाची आहे. सतरा वर्षांनी शासनाने मान्य केले की त्या दिवसापासून आदिवासींवर अन्याय होत होता. हे एका माणसाचे श्रेय नव्हे. परंतु ज्यांनी त्या तारखेमागचा अन्याय उघड्यावर आणला, त्यांत शहाद्याचे हे भजनकरी होते. याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी आला. 1987 चा त्यांचा 'गोधड' हा संग्रह आपल्या वाचकांना परिचित आहे.

मग प्रश्न सुटला काय? 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातीचे होते. तरी दरवर्षी येथून कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात, तीही उचल घेऊन. सालदारकीने गाव सोडले, स्वभाव सोडला नाही.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. अंबरसिंगांची जयंती-पुण्यतिथी जरूर करावी, फोटोला हार घालावा. पण त्याच आठवड्यात तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गावच्या 1957 नंतरच्या फेरफार नोंदी वाचाव्यात. कोणाची जमीन कोणत्या कारणाने कोणाच्या नावावर गेली, हे वहीत उतरवावे आणि ते संध्याकाळी भजनाला जमलेल्या लोकांपुढे मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याचे आजोबा त्या नोंदीत 'जमीनमालक' आहेत आणि जो स्वतः ऊस तोडतो, त्याला आपला इतिहास समजावून सांगायला मग प्राध्यापकाची गरज लागणार नाही.